फिलर घालण्याआधी विचारा: काढायची वेळ आली तर?

डोळ्यांखालचे खड्डे फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचायच्या जेलने, भरून घ्यायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा क्लिनिकमध्ये सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं बधिर करणारं क्रीम लावून बसण्यात गेली. फोटो कोणी काढला नाही, आधीचे आजार कोणी विचारले नाहीत. पंधरा दिवसांनी आरशात छान वाटलं. सहा महिन्यांनी मात्र डोळ्यांखाली दोन निळसर, फुगीर पट्टे दिसायला लागले आणि ऑफिसात जो तो विचारायला लागला, "झोप होत नाही का हल्ली?" नेमका हाच प्रश्न टाळायला मी पैसे मोजले होते.

शेवटी दुसऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन ते विरघळवून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कुठलं फिलर, आणि किती घातलं होतं?" मला सांगता येईना. बिलावर नुसतं 'स्किन ट्रीटमेंट' लिहिलेलं.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर या विषयावर भरपूर वाचलं, डॉक्टरांना भंडावून सोडलं, आणि दोन वर्षांनी गालांना फिलर करूनही घेतलं. त्यावर मी खूश आहे. फिलर करावं की करू नये या वादात इथे शिरत नाही. ज्यांनी करायचं ठरवलंय किंवा ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांनी कुठल्या क्रमाने काय करावं, एवढंच लिहितेय.

आधी हे आहे काय

मी लिहितेय ते हायलुरॉनिक अ‍ॅसिडपासून बनणाऱ्या फिलरबद्दल. नावात अ‍ॅसिड असलं तरी हायलुरॉनिक अ‍ॅसिड जळजळीत वगैरे काही नसतं. ते आपल्या अंगातच असतं. सत्तर किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, त्यातलं निम्मं कातडीत. रोज त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश तुटतं आणि तेवढंच नवं तयार होतं. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक द्रवातून ते वेगळं काढलं. ग्रीकमध्ये काचेला 'हायलॉस' म्हणतात, नाव त्यावरून पडलं.

हे नुसतंच टोचलं तर शरीर काही दिवसांत पचवून टाकेल. म्हणून कंपन्या त्याच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने बांधतात, त्याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. त्यातून जेल तयार होतं. हनुवटीला आणि गालाच्या हाडावर घट्ट जेल लागतं, ओठांना मऊ. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, यातल्या रेस्टिलेन या ब्रँडला डिसेंबर २००३ मध्ये परवानगी दिली, ज्युव्हेडर्म या ब्रँडला २००६ मध्ये. युरोपात त्याच्या कितीतरी आधीपासून वापर चालू होता.

सिरिंज बहुतेक वेळा १ मिलिलिटरची असते. चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतं, म्हणजे तुमच्या हजारो रुपयांत चमच्याचा पाचवा हिस्सा जेल येतं, तेही दोन्ही गालांत वाटून. हे डोळ्यांसमोर आणलं की 'एका सिरिंजमध्ये दहा वर्षं कमी' या जाहिरातीचं काय करायचं ते आपोआप कळतं.

या फिलरचा सगळ्यात मोठा गुण जाहिरातीत क्वचितच सांगतात. हायलुरॉनिडेझ नावाचं एन्झाइम टोचलं की ते विरघळतं. सिलिकॉन किंवा पीएमएमए नावाचं प्लास्टिक असलेल्या कायमस्वरूपी फिलरना असा उतारा नाही. ते बिघडलं तर कापूनच काढावं लागतं, आणि तेही पुरतं निघत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने कायमस्वरूपी फिलरच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहा

'फ्रेश दिसायचंय' ही तक्रार होत नाही. 'फोटोत नाकापासून ओठापर्यंतची डावीकडची घडी खोल दिसते' ही तक्रार. फिलर करून समाधानी असणाऱ्यांशी बोलताना मला एक गोष्ट वारंवार दिसली: त्यांना नेमकी एक जागा खटकत होती आणि तीच दुरुस्त झाली. नाराज होती ती मंडळी बहुधा 'काहीतरी करा' म्हणून गेलेली.

तक्रार लिहिली की फिलर हा त्यावरचा उपाय आहे का ते बघा. कपाळाला आठ्या घातल्यावरच दिसणाऱ्या रेषा म्हणजे स्नायूंचं काम, तिथे बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, विषय येतो. चेहरा स्वस्थ असतानाही जिथे खड्डा दिसतो, तिथे फिलरचा. कातडीचा पोत, वांग, मुरुमांचे काळे डाग यांपैकी काहीही फिलरने जात नाही.

डोळ्यांखालच्या काळेपणाची गोष्ट आपल्याकडे जरा निराळी आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत हा काळेपणा बऱ्याचदा रंगद्रव्याचा असतो, सावलीचा नसतो. घरीच बघा. दिवसा खिडकीसमोर आरसा घेऊन उभे राहा आणि हनुवटी हळूहळू वर करा, उजेड थेट डोळ्यांखाली पडेल इतकी. काळेपणा पुसट झाला तर ती खड्ड्याची सावली होती, फिलरने फरक पडू शकेल. तपकिरी रंग जसाच्या तसा राहिला तर खड्डा भरूनही तो तिथेच राहणार. मग बोटाने कातडी हलकेच बाजूला ओढा. रंग कातडीबरोबर सरकला तर तो कातडीतच आहे. माझ्यात दोन्ही होतं आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांखालची जागा तशीही नाजूक. तिथे वापरण्यासाठी म्हणून अमेरिकेत फिलरला पहिली परवानगी मिळाली ती थेट २०२२ मध्ये. पहिल्यांदा फिलर करताना या जागेपासून सुरुवात करू नका.

आणखी एक प्रश्न स्वतःलाच विचारायचा, थोडा अवघड आहे. ही जागा माझ्याशिवाय कोणाला दिसते का? दिवसातून तास-तास आरशात त्यातच मन अडकतं का? घरच्यांनी 'अगं, काहीच नाहीये' म्हटलेलं पटतच नाही का? तसं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. शरीररूपाविषयीच्या या आजारात कितीही फिलर घातलं तरी समाधान होत नाही, नवी जागा खटकायला लागते. चांगले डॉक्टर असे पेशंट ओळखून नाही म्हणतात. नाही म्हणणारा डॉक्टर भेटला तर रागावू नका.

पायरी २: तुम्हाला चालेल का, आणि आत्ता चालेल का

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना करायचं नाही. तेव्हा ते सुरक्षित असल्याचा अभ्यास झालेलाच नाही. जिथे टोचायचं तिथे पिकलेला मुरूम, फोड, नागीण किंवा कसलाही संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबायचं. ओठांवर ताप उतरल्यासारखे फोड वारंवार येत असतील तर ते आवर्जून सांगा, ओठांचं फिलर करण्याआधी विषाणूविरोधी गोळ्या देतात. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तरी सांगा, बहुतेक फिलरमध्ये ते मिसळलेलंच असतं. संधिवात, ल्युपस यांसारखा स्वप्रतिकारक आजार उसळलेला असेल तर तुमच्या त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका.

मधमाशीच्या डंखाने कधी अंग सुजलं, श्वास लागला असं झालंय का? हे विचारलं की लोक हसतात. पण मधमाशीच्या विषातही हायलुरॉनिडेझ असतं, त्यामुळे अशा माणसाला विरघळवण्याच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असू शकते. फिलर घालण्याआधीच हे कळलेलं बरं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल: अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ई-च्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या यांनी काळंनिळं जास्त पडतं. हौसेने घेत असलेल्या गोष्टी आठवडाभर आधी बंद करा. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर दिलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. गालावरचा डाग चार दिवसांत जातो, त्या गोळीशी खेळ नको.

दातांचं काम निघालं असेल तर ते आधी उरका. दात साफ करणं असो, रूट कॅनाल असो, त्यात आणि फिलरमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. दातांच्या कामात जंतू रक्तात उतरतात आणि ताज्या फिलरभोवती ठाण मांडू शकतात.

तारखेचं काय? लग्नाच्या आदल्या आठवड्यात फिलर, हा हट्ट डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. सूज उतरून खरं रूप दिसायला दोन आठवडे लागतात, आणि डावं-उजवं जमवायचं राहिलं तर आणखी दोन. म्हणजे हळदीच्या किमान महिनाभर आधी. सुईच्या ताज्या भोकांवर हळद-उटणं चोळून घ्यायचं नसतं, हे तर आलंच.

पायरी ३: डॉक्टर निवडा

मुंबई-पुण्यातच काय, आता तालुक्याच्या गावीही पार्लरमध्ये फिलर 'करून देतात'. ब्यूटिशियनने फिलर टोचणं म्हणजे काय धोका, हे पुढे रक्तवाहिनीबद्दल वाचलंत की कळेल. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडेच जा. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून पदवी आणि नोंदणी पाहता येते. भिंतीवरच्या चौकटीतली प्रमाणपत्रं बऱ्याचदा दोन दिवसांच्या कार्यशाळेची असतात, ती जवळ जाऊन वाचा.

सल्ल्याच्या भेटीत मी आता हे विचारते, आणि याच शब्दांत:

"हायलुरॉनिडेझ क्लिनिकमध्ये आत्ता आहे का? किती कुप्या?" आपल्याकडे ते साधारणपणे १५०० युनिटच्या कुपीत मिळतं. जेल शिरून रक्तवाहिनी तुंबली तर एक कुपी पुरत नाही, दर तासाला पुन्हा टोचावं लागू शकतं. 'लागलं तर मागवू' हे उत्तर मिळालं की पर्स उचलायची आणि निघायचं.

"रात्री अकराला काही झालं तर मी कोणाला फोन करू?" रिसेप्शनचा नंबर चालणार नाही. डॉक्टरांचा किंवा त्यांच्या जागी असणाऱ्या डॉक्टरांचा हवा.

"तुमच्याकडे असा प्रसंग आला होता का, काय केलंत?" 'आमच्याकडे कधीच काही होत नाही' म्हणणाऱ्यापेक्षा 'एकदा झालं होतं, अमुक केलं' असं सांगणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. माझ्या दुसऱ्या डॉक्टरांनी ड्रॉवर उघडून कुप्या आणि त्यांवरची मुदतीची तारीख दाखवली. त्यांच्याकडे करून घ्यायचं की नाही, ते मी तिथेच ठरवलं.

पहिल्याच भेटीत, 'आज केलंत तर वीस टक्के सूट' म्हणून, घाई करणाऱ्यांकडे करून घेऊ नका. घरी जा, दोन रात्री झोपून विचार करा.

पायरी ४: खोका बघा

भारतात फिलरवर वैद्यकीय उपकरण म्हणून नियंत्रण आहे. बाहेरून आणलेल्या मालाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा, म्हणजे सीडीएससीओचा, आयात परवाना लागतो. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि किंमत छापलेली असते. एखाद्याच्या बॅगेतून विमानाने आलेल्या, नुसत्या परदेशी लिपीतल्या खोक्यावर यातलं काही नसतं. स्वस्त पडण्याचं कारण बऱ्याचदा तेच. मोठ्या शहरांत चांगल्या कंपनीच्या सिरिंजचे साधारण वीस ते चाळीस हजार पडतात. सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्यसेवेची करसवलत नाही, तेव्हा जीएसटी वेगळा लागेल हे धरून चाला. कोणी पाच हजारात म्हणालं तर त्या सिरिंजमध्ये काय आहे याचा विचार करा.

खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा. आत सिरिंज, दोन सुया आणि एक चिकटपट्टी असते. तिच्यावर नाव आणि बॅच क्रमांक छापलेले स्टिकर असतात, सोलून काढता येणारे. एक त्यांच्या फाइलवर, एक तुमच्या कागदावर. हे स्टिकर मागून घ्या. न विसरता.

उरलेलं अर्धं जेल 'पुढच्या वेळेसाठी फ्रिजमध्ये ठेवतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. उघडलेली सिरिंज निर्जंतुक राहत नाही, आणि त्यावर तुमचंच नाव राहील याचीही खात्री नाही. मैत्रिणीबरोबर एक सिरिंज वाटून घेणं तर नकोच.

सुईविना दाबाने जेल आत मारणारं 'हायलुरॉन पेन' ऑनलाइन विकायला असतं, त्याचे व्हिडिओही भरपूर फिरतात. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते वापरू नका असा जाहीर इशारा दिला. जेल किती खोल जातंय यावर त्यात ताबाच नसतो. स्वतःच्या हाताने स्वतःला टोचणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

पायरी ५: खुर्चीत बसल्यावर

मेकअप पूर्ण उतरवून जा. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरकस, असे फोटो काढून घ्या, तेही त्यांच्या आणि तुमच्या, दोन्ही फोनवर. खुणा बसलेल्या अवस्थेत करायला हव्यात. आडवं झाल्यावर गाल कानाकडे सरकतात आणि खड्ड्याची जागा बदलते.

सुई की कॅन्युला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कॅन्युला म्हणजे बोथट टोकाची लवचीक नळी. ती रक्तवाहिनीत घुसण्याऐवजी बहुधा बाजूने सरकते. २०२१ साली अमेरिकेत ३७० त्वचारोगतज्ज्ञांच्या १७ लाखांहून अधिक सिरिंजचा हिशेब मांडला गेला. सुईने केलेल्या साधारण ६,४१० सिरिंजमागे एकदा रक्तवाहिनी तुंबली, कॅन्युलाने ४०,८८२ मागे एकदा. दोन्हीकडे प्रमाण कमीच आहे, पण हे तज्ज्ञांच्या हातचे आकडे आहेत, पार्लरमधले नव्हेत. काही जागी सुईच लागते, तेव्हा कॅन्युलाचा हट्ट धरू नका. फक्त कारण विचारा.

धोका सगळीकडे सारखा नसतो. भुवयांमधली जागा, नाक, कपाळ आणि नाकाच्या बाजूची घडी इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जेलचा थेंब दाबाने उलट्या दिशेने गेला तर तो डोळ्याच्या पडद्याचं रक्त अडवू शकतो. स्वतःच्या चरबीसकट सगळी फिलर धरून २०१५ पर्यंतच्या वैद्यकीय नोंदी गोळा केल्या तेव्हा दृष्टी गेल्याच्या किंवा अधू झाल्याच्या ९८ घटना मिळाल्या. पुढच्या तीनेक वर्षांत आणखी ४८. जगभर होणाऱ्या लाखो उपचारांच्या मानाने ही संख्या अगदी लहान आहे. पण गेलेली नजर बहुतेकांना परत मिळाली नाही. 'पाच मिनिटांत नाक सरळ' या व्हिडिओखाली हे कोणी लिहीत नाही.

म्हणून टोचताना गप्प बसू नका. एकदम कळ गेली, कातडी पांढरीफटक पडली, डोळ्यासमोर अंधारलं, एकाचे दोन दिसले, तर लगेच 'थांबा' म्हणा. फिलरमध्येच बधिर करणारं औषध असल्यामुळे दुखणं लपू शकतं, तेव्हा 'दुखत नाही म्हणजे ठीक' हा हिशेबही पुरता खरा नाही. चांगला डॉक्टर थोडं थोडं, हळू घालतो आणि मधे मधे अंगठ्याने कातडी दाबून बघतो.

ते दाबणं तुम्हीही शिकून घ्या. टोचलेल्या जागी बोट दाबून धरा, तीन आकडे मोजा, सोडा. कातडी फिकट होऊन साधारण दोन सेकंदांत पुन्हा मूळ रंगावर यायला हवी. दुसऱ्या गालावर तसंच करून तुलना करा. सावळ्या कातडीत हा फरक चटकन कळत नाही, म्हणून चांगल्या उजेडात बघा, आणि ओठांचं फिलर असेल तर ओठ उलटा करून आतल्या गुलाबी भागावर बघा. क्लिनिकमधून निघण्याआधी दोनदा करून घ्या, म्हणजे नेहमीचं कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल.

पायरी ६: पहिले दोन दिवस

सूज, लाली, थोडं ठणकणं, काळंनिळं पडणं, हाताला लागणाऱ्या बारीक गाठी: हे सगळं अपेक्षित आहे. ओठ तर दुसऱ्या दिवशी सकाळी इतके सुजतात की माणूस रडकुंडीला येतो. आठवड्याभरात ओसरतं. उशीवर डोकं जरा उंच ठेवा, पालथं झोपू नका. दोन दिवस जिम, गरम वाफ आणि दारू नको. दोन आठवडे पार्लरमधलं फेशियल आणि चेहऱ्याची मालिश नको. पोहण्याचा घट्ट गॉगलही थोडे दिवस बाजूला ठेवा. गाठ लागते म्हणून स्वतःच चोळत बसू नका, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच आणि तेवढंच.

आता अपेक्षित नसलेलं. हा भाग फोनमध्ये उतरवून ठेवा.

दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतंय. कातडी पांढरट, राखाडी किंवा जांभळट पडलीय, आणि तो रंग एका गोल डागापुरता न राहता जाळ्यासारखा, नक्षीसारखा पसरलाय, कधी कधी टोचलेल्या जागेपासून लांबही. दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागतोय. जागा थंड लागतेय. दोन-तीन दिवसांनी तिथे बारीक पांढरे-पिवळे फोड आले, ज्यांना हमखास मुरूम समजलं जातं. ही सगळी रक्तवाहिनी तुंबल्याची लक्षणं असू शकतात. काळंनिळं पडलं असेल तर दाबल्यावर दुखतं, पण दिवसागणिक उतरत जातं. तुंबलेली रक्तवाहिनी तासागणिक बिघडते.

अशा वेळी बर्फ लावायचा नाही. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. लगेच डॉक्टरांना फोन करायचा, फोटो पाठवायचा, आणि 'उद्या बघू' असं उत्तर आलं तर ऐकायचं नाही. हायलुरॉनिडेझ जितकं लवकर, तितकी कातडी वाचते. ठरवून फिलर विरघळवताना आधी अ‍ॅलर्जीची चाचणी करतात. रक्तवाहिनी तुंबल्यावर त्या चाचणीसाठी सहसा थांबत नाहीत, म्हणून मधमाशीचा तो प्रश्न आधीच निकालात निघालेला असावा.

नजर अंधुक होणं, डोळ्यात असह्य कळ, पापणी पडणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळे पडणं यांपैकी काहीही झालं तर क्लिनिक शोधत बसू नका. डोळ्यांचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, "चेहऱ्यावर फिलर टोचलंय, त्यानंतर हे झालं." ते सांगितलं नाही तर तपासणारे डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतील. इथे एक-एक मिनिट मोजायचं असतं.

पायरी ७: नंतरचे महिने

हा भाग लोक विसरतात. फिलर अंगात असेपर्यंत, कधी कधी महिन्यांनी, ती जागा अचानक सुजू शकते. सर्दी-फ्लू, दाढेचा संसर्ग, एखादी लस अशा निमित्ताने शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि फिलरवरही धावून जाते. डिसेंबर २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचणीत फिलर केलेल्या तिघांचे चेहरे आणि ओठ असेच सुजल्याची नोंद झाली. उपचारांनी ते बरे झाले. म्हणून लस टाळायची असं अजिबात नाही. फक्त असं होऊ शकतं हे माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. लाल, गरम, दुखरी गाठ मात्र संसर्गाची असू शकते. तिला पार्लरमध्ये दाबून घेऊ नका.

माझ्यासारखा निळसर पट्टा दिसायला लागला तर तो बरेचदा वरच्या थरात बसलेल्या जेलमधून प्रकाश विखुरल्यामुळे असतो, त्याला टिंडल परिणाम म्हणतात. कन्सीलर थापून महिनोन्‌महिने काढू नका. मी काढले. विरघळवायला दहा मिनिटं लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टे जवळजवळ गेले होते. लोकांना भीती वाटते की स्वतःचं हायलुरॉनिक अ‍ॅसिडही त्यात जाईल. थोडं जातं, पण शरीर ते रोजच नव्याने बनवत असतं.

किती टिकतं? ओठांत सहा महिने ते वर्ष, गालांत वर्ष-दीड वर्ष असं सांगतात. हे ढोबळ आहे. एमआरआयमध्ये काहींच्या चेहऱ्यात कित्येक वर्षांनीही फिलर दिसलेलं आहे. म्हणून 'दर सहा महिन्यांनी टॉप-अप' या पॅकेजला मी घाबरते. आधीचं पुरतं गेलेलं नसताना त्यावर नवं घालत गेलं की चेहरा हळूहळू उशीसारखा होतो, आणि रोज आरशात बघणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी कळतं. ओठांच्या वर मिशीच्या जागी आलेला फुगवटा हा त्याचाच प्रकार.

पायरी ८: समाधान मोजा

हे ऐकायला विचित्र वाटेल. पण अभ्यासांतही हेच करतात. डॉक्टर फोटो बघून 'किती सुधारलं' याचे गुण देतात, पण ते झालं डॉक्टरांचं समाधान. पेशंटचं स्वतःचं मत धरण्यासाठी फेस-क्यू नावाची प्रश्नावली वापरतात. उत्तरांवरून ० ते १०० गुण निघतात आणि आधीचे-नंतरचे गुण ताडून बघतात. तुम्ही घरच्या घरी साधी आवृत्ती करू शकता. पहिल्या पायरीत लिहिलेल्या तक्रारीसमोर फिलरच्या आधी दहापैकी त्रासाचा आकडा टाका. पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा टाका. त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा. पहिल्या आठवड्यातल्या मताला काही किंमत देऊ नका, त्यात सूज आणि कौतुक दोन्ही मिसळलेलं असतं.

माझ्या गालांचा आकडा ७ वरून ३ वर आला. शून्य झाला नाही. डॉक्टरांनी आणखी अर्धी सिरिंज सुचवली नाही, मीही मागितली नाही.

काही बिघडलंच तर तक्रारीच्या जागा निरनिराळ्या आहेत. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल मेडिकल कौन्सिल, बनावट मालाबद्दल राज्याचं अन्न व औषध प्रशासन, पैशाच्या भरपाईसाठी ग्राहक आयोग. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणारा देशव्यापी कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे, त्यात पेशंटलाही माहिती देता येते. सगळीकडे पहिल्यांदा कागदच मागतात: बिल, संमतिपत्राची प्रत, फोटो, स्टिकर. संमतिपत्र मराठीत किंवा तुम्हाला कळेल त्या भाषेत मागा, आणि सही करण्याआधी प्रत घ्या.

मी हे सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवते, मुलांच्या लसीकरणाच्या कार्डांशेजारी. पुढे चेहऱ्याचा स्कॅन, लेसर किंवा दातांचं मोठं काम निघालं की त्यातला कागद बरोबर नेते. त्यात गालांच्या फिलरचे दोन स्टिकर आहेत आणि हायलुरॉनिडेझच्या कुपीचं एक लेबल. डोळ्यांखालच्या त्या पहिल्या फिलरच्या ओळीत मी तारीख लिहिलीय. पुढचे नाव, बॅच आणि किती मिलिलिटर हे तीनही रकाने रिकामे आहेत.